गजर 'ऑफ' गेला म्हणजे नेमके काय झाले?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आग लागल्यास काय करायचे याची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजू लागला आणि ठरल्याप्रमाणे सगळे जण जिने उतरून पटांगणात जमले. मोजणी केली तेव्हा एक जण कमी भरला. नुकताच रुजू झालेला एक तरुण साहाय्यक वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी शांतपणे बसला होता.

"भोंगा ऐकू आला नाही का?" आम्ही विचारले.

"आला ना सर. तो थांबायची वाट पाहत होतो."

असे म्हणून त्याने भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवले. सूचना इंग्रजीत होती: 'इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग.' त्याच्या हिशेबाने अलार्म अजून 'ऑन' होता. तो 'ऑफ' झाला की इमारतीबाहेर पडायचे, असे त्याने सूचना वाचून मनाशी पक्के केले होते!

हा मुलगा गेवराई तालुक्यातला. मराठी माध्यमात शिकलेला, इंग्रजीत चांगले गुण मिळवून विज्ञानाची पदवी घेतलेला. तालीमच होती म्हणून प्रसंग हसण्यावारी गेला. खरी आग असती तर मात्र त्या दोन अक्षरी 'ऑफ'ची किंमत फार मोठी झाली असती.

पुढे गेवराईला जाण्याचा योग आला तेव्हा तिथल्या एका शाळेत दहावीच्या वर्गापुढे आम्ही फळ्यावर तीन वाक्ये लिहिली.

१. द लाइट्स वेंट ऑफ.
२. द अलार्म वेंट ऑफ.
३. द मिल्क वेंट ऑफ.

पहिल्याचे उत्तर सगळ्या वर्गाने एका सुरात दिले, "लाईट गेली!" ते बरोबरच होते. दुसऱ्याला बहुतेकांनी "गजर बंद झाला" असे सांगितले. तिसऱ्यापाशी वर्ग अडला. एका मुलीने "दूध उतू गेले" असा अंदाज केला. अंदाज हुशारीचा होता, पण चुकीचा होता. दुसऱ्या वाक्याचा अर्थ आहे 'गजर वाजला' आणि तिसऱ्याचा 'दूध नासले'.

म्हणजे एकच 'गो ऑफ' दिव्याच्या बाबतीत 'थांबणे', गजराच्या बाबतीत 'सुरू होणे' आणि दुधाच्या बाबतीत 'बिघडणे' असे तीन अर्थ देतो. मुलांनी विचारले, "हे पाठच करायचे का?" शिक्षकांना हा प्रश्न रोजचाच आहे. आमच्या मते याचे उत्तर 'नाही' असे देता येते.

चूक कुठून येते?

आधी चुकीकडे पाहू. आपल्या मुलांना 'ऑफ' हा शब्द इंग्रजीच्या पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी घरात भेटतो. 'पंखा ऑफ कर', 'फोन स्विच ऑफ येतोय', 'आज त्याचा मूड ऑफ आहे', 'ऑफ तास' या सगळ्या मराठीच झालेल्या प्रयोगांत 'ऑफ' म्हणजे बंद, रिकामा किंवा मंद. विजेच्या बटणाने शिकवलेला हा अर्थ मनात इतका घट्ट बसतो की पुढे कुठेही 'ऑफ' दिसला, की मूल बटण बंद करते. त्या साहाय्यकाच्या तर्कात दोष नव्हता. त्याच्या हाती शब्दाचा एकच अर्थ होता आणि तोही मागाहून आलेला. विजेचे दिवे गेल्या दीडशे वर्षांतले; बंदुकीबद्दलचा 'गो ऑफ' हा प्रयोग इंग्रजीत त्यांच्या काही शतके आधीपासून आहे.

'ऑफ'चा मूळ अर्थ 'बंद' असा नाहीच. तो आहे 'पासून दूर', 'सुटून अलग'. 'गेट ऑफ द बस' म्हणजे बसमधून उतरणे, 'टेक ऑफ युवर शूज' म्हणजे बूट काढणे. 'द बटन केम ऑफ' म्हणजे शर्टाचे बटण तुटून निघाले. या सर्वांत एक वस्तू दुसरीपासून सुटी होते. विजेचा दिवाही प्रवाहापासून अलग होतो, म्हणून विझतो. 'बंद होणे' हा त्या अलग होण्याचा परिणाम आहे.

तीन प्रकारचे सुटणे

आता विज्ञानाच्या शिक्षकांना जवळची वाटेल अशी एक वाट धरू. 'गो ऑफ'च्या आधी ती वस्तू कोणत्या स्थितीत होती, हा प्रश्न विचारायचा.

पहिला प्रकार, बाहेरून सतत पुरवठा होत असलेल्या वस्तू. दिवा, पंखा, हीटर ही त्याची उदाहरणे. त्या पुरवठ्याला धरून असतात तोवर चालतात, त्यापासून सुटल्या की थांबतात. इथे 'गो ऑफ' म्हणजे बंद पडणे.

दुसरा प्रकार, शक्ती साठवून, अडवून धरलेल्या वस्तू. चावीचे गजराचे जुने घड्याळ आठवा. त्याला मागे दोन चाव्या असत, एक घड्याळाची आणि एक गजराची. गजराची चावी दिली की तिची स्प्रिंग ताणली जाते आणि तिच्यात ऊर्जा साठते. एक छोटी तरफ घंटेचा हातोडा अडवून धरते. ठरलेली वेळ आली की ती तरफ सरकते, अडसर दूर होतो आणि हातोडा घंटेवर आदळू लागतो. गजर आपल्या बंधनापासून सुटतो! घोडा ओढल्यावर सुटणारी बंदूक, सापळ्याची ताणलेली कमान, फटाका, बाँब हे सगळे याच जातीचे. इथे 'गो ऑफ' म्हणजे वाजणे, उडणे, फुटणे. आजच्या विजेवरच्या भोंग्यात किंवा मोबाईलच्या गजरात ताणलेली स्प्रिंग नसते हे खरे. पण तेही ठरलेल्या क्षणाची वाट पाहत दबा धरून असतात, म्हणून शब्द तोच टिकला.

तिसरा प्रकार, चांगल्या स्थितीत असलेल्या वस्तू. दूध, मासे, शिजवलेले अन्न. या आपल्या मूळच्या चांगल्या स्थितीपासून ढळल्या की 'गो ऑफ' म्हणजे नासणे, विटणे. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला. अमेरिकेत अशा वेळी 'गो बॅड' म्हणण्याकडे कल असतो.

पुरवठ्यापासून सुटले तर थांबते, अडसरापासून सुटले तर सुरू होते, चांगल्या स्थितीपासून सुटले तर बिघडते. क्रिया एकच, सुटण्याची. सुटण्याआधी वस्तू कशाला धरून होती यावर परिणाम ठरतो.

शाळा सुटली, गाडी सुटली

हे स्पष्टीकरण वर्गात देऊन झाल्यावर एका मुलाने शंका काढली, "पण सर, एकाच शब्दाचा अर्थ सुरू होणे आणि बंद होणे असा उलटसुलट कसा असेल?" शंका रास्त होती. आम्ही त्याला उलट विचारले, "शाळा सुटली म्हणजे काय झाले?"

"बंद झाली."

"आणि स्टँडवरून बीडची गाडी सुटली म्हणजे?"

"निघाली... चालू झाली!"

वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग उदाहरणांचा पाऊस पडला. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. 'कालव्याला पाणी सुटले' म्हणजे पाणी वाहू लागले. वारा सुटला, घमघमाट सुटला, बंदुकीतून गोळी सुटली ही सुरुवात. तास सुटला, नोकरी सुटली, तंबाखूचे व्यसन सुटले हा शेवट. मराठी मूल हे सगळे न अडखळता बोलते. 'सुटणे म्हणजे सुरू की बंद?' असा प्रश्न त्याला कधी पडत नाही, कारण सुटणे म्हणजे बंधन जाणे हे त्याला आतून माहीत असते. धरणाच्या दाराआड पाणी अडलेले होते, ते मोकळे झाले. शाळेत मुले अडकलेली होती, ती मोकळी झाली. शाळा थांबते तेव्हा मुले सुरू होतात हे शिक्षकांना सांगायला नकोच!

'सुटणे' आणि 'सोडणे' ही आपल्याकडे जोडी आहे. पाणी सुटते आणि कोणीतरी ते सोडतो. इंग्रजीत 'गो ऑफ'ची अशीच जोडी 'सेट ऑफ'शी आहे. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला, तर 'द स्मोक सेट ऑफ द अलार्म' म्हणजे धुराने तो वाजवला. गजर थांबवायचा असेल तर मात्र 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' म्हणावे लागते. 'सेट ऑफ द अलार्म' आणि 'स्विच ऑफ द अलार्म' ही दोन वाक्ये परस्परविरुद्ध आहेत. फळ्यावर ती एकाखाली एक लिहून दाखवावीत.

'ऑफ'चे जुने नाते

'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. जोर देऊन म्हटलेला तो 'ऑफ', बिनजोराचा तो 'ऑव्ह'. सतराव्या शतकाच्या सुमारास ते लेखनात नीट वेगळे झाले. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते ग्रीक 'आपो', लॅटिन 'आब' आणि संस्कृत 'अप' यांच्याशी जोडतात. 'अपहरण', 'अपनयन' यांतला 'दूर नेणारा' अप तो हाच. धातू तोच राहून उपसर्गाने अर्थ पालटतो हे आपल्याला नवे नाही. 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार असे वेगवेगळे शब्द होतात, हे संस्कृत शिकवणारे शिक्षक नेहमीच सांगतात. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूच्या नंतरही येऊ शकतो आणि दोघांमध्ये इतर शब्दही येऊ शकतात, हे पाणिनीने सूत्रांत नोंदवले आहे. इंग्रजीत 'स्विच द लाइट ऑफ' म्हणताना जे घडते, त्याचा हा दूरचा भाऊबंद.

इंग्रजीतल्या अशा जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पियरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून रूढ झाले. प्रकार मात्र जुना आहे. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण यांचीच होते, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले.

ही अडचण फक्त आपली नाही. यान ल्याव आणि योशिनोरी फुकुया यांनी २००४ साली चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तयारीचे विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब टाळून त्याच अर्थाचे एकशब्दी क्रियापद पसंत करतात, आणि तयारी वाढली की हे टाळणे कमी होते, असे त्यांना दिसले. चिनी भाषेतही क्रियापदाला 'वर येणे', 'खाली जाणे' असे दिशादर्शक शब्द जोडून अर्थ बदलतात. 'हसणे'ला 'उठून येणे' जोडले की 'हसू लागणे' असा अर्थ होतो. म्हणजे युक्ती घरचीच असते. परक्या भाषेत ती ओळखू येत नाही एवढेच.

टाळण्याची ही सवय आपल्याही मुलांना आहे. 'द अलार्म वेंट ऑफ' लिहिण्यापेक्षा 'द अलार्म रँग' लिहिणे त्यांना सोपे वाटते, आणि त्यात चूक काहीच नाही. पण लिहिताना जे टाळता येते ते वाचताना आणि ऐकताना टाळता येत नाही. भिंतीवरची सूचना, यंत्राबरोबर येणारी पुस्तिका, परीक्षेतला उतारा हे सगळे दुसऱ्याने लिहिलेले असते.

वर्गात काय करता येईल?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पूर्वी ते पाचवीपासून असे. सुरुवात लवकर झाली, पण शब्द आणि त्यासमोर एक अर्थ अशी यादी पाठ करण्याची पद्धत राहिली तर वर्षे वाढूनही हा घोळ मिटणार नाही. त्याऐवजी एक तास असा घेऊन पाहावा.

आधी मुलांकडून 'सुटणे'ची वीस वाक्ये मिळवावीत आणि त्यांचे 'सुरू झाले' व 'संपले' असे दोन गट करायला सांगावे. प्रत्येक वाक्यापुढे 'कशापासून सुटले?' याचे उत्तर लिहावे. मग 'गो ऑफ'ची वाक्ये देऊन तोच प्रश्न विचारावा. चावीचे घड्याळ मिळाले तर ते उघडून दाखवावे. ऊर्जेचा पाठ आणि इंग्रजीचा पाठ एकाच तासात होईल.

एक सावधगिरी मात्र हवी. 'सुटणे' हे 'गो ऑफ'चे भाषांतर नाही. गणित सुटले याला इंग्रजीत 'गो ऑफ' म्हणत नाहीत आणि लाईट गेली याला मराठीत 'लाईट सुटली' म्हणत नाहीत. 'द फंक्शन वेंट ऑफ वेल' म्हणजे कार्यक्रम नीट पार पडला. तिथे आपला नियम ओढूनताणूनच लागू होतो. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'शो ऑफ' म्हणजे मिरवणे. यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. नियमाने अर्थाचा अंदाज बांधायचा आणि तो आजूबाजूच्या वाक्यांवर पडताळून पाहायचा. विज्ञानातही आपण दुसरे काय करतो?

गेवराईहून परतल्यावर आम्ही प्रयोगशाळेतल्या त्या सूचनेखाली एक ओळ रंगवून घेतली: 'भोंगा वाजू लागताच इमारतीबाहेर पडा.' ओळीचा मजकूर त्या साहाय्यकानेच लिहून दिला. पुढच्या तालमीत पटांगणात सर्वांत आधी पोहोचला तोही तोच.