इंटरनेट दूरध्वनी सर्व्हरचे स्थान

इंटरनेट दूरध्वनी सेवेत आवाजाचे रूपांतर लहान डिजिटल पॅकेटमध्ये होते आणि ही पॅकेट बहुधा सर्व्हरमार्गे समोरच्या व्यक्तीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे सर्व्हरच्या स्थानाचा संभाषणाच्या गुणवत्तेवर थेट परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट आहे. प्रकाशीय तंतूतून १,००० किलोमीटर अंतर कापण्यास संकेताला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. पुणे-नागपूर संभाषण न्यूयॉर्कमधील सर्व्हरमार्गे गेल्यास, सरळ अंतर धरले तरी सुमारे २५,००० किलोमीटरच्या प्रवासात १२५ मिलिसेकंद खर्च होतात. मुंबईमार्गे ५ पुरतात. मात्र केवळ जवळचे स्थान पुरेसे नसते. पॅकेट गहाळ होणे व विलंबातील चढउतार यांमुळे आवाज तुटतो. म्हणून गर्दीच्या वेळी घेतलेली मोजमापे, अखंड वीजपुरवठा आणि पर्यायी इंटरनेट जोडणी हेही निवडीचे निकष ठरतात.