एकादशी गुन्हा, शुक्रवार पुण्य

मध्ययुगीन चर्च पाखंड्याचे मत सुधारण्यासाठी त्याला प्रायश्चित्त देत असे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तपासले जायचे ते त्याचे ताट. तेराव्या शतकाच्या आरंभी दक्षिण फ्रान्समध्ये, चर्चने पाखंडी ठरवलेला कॅथर पंथ सोडून आलेल्या पोन्स रॉजरला संत डॉमिनिकने दिलेले प्रायश्चित्तच पाहा. तीन रविवार कमरेपर्यंत उघड्या अंगाने गावाच्या वेशीपासून चर्चपर्यंत चालायचे आणि वाटभर पाद्र्याचे फटके खायचे. कपड्यांवर दोन क्रूस शिवायचे. वर्षातून तीनदा लेंट हा उपवासाचा काळ पाळायचा आणि त्यात मासेही वर्ज्य. मांस, अंडी, चीज जन्मभर बंद. पण ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि नाताळ या तीन सणांना मात्र ते खायचेच. कॅथर साधक या पदार्थांना शिवत नसत. त्यामुळे एरवीचा उपवास ही शिक्षा ठरली आणि सणाचे मांस हा पंथ सोडल्याचा पुरावा.

हीच नजर पुढे गोव्यात दिसते. तेथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, 1560 साली स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता 1812 पर्यंत टिकले. त्याच्या 1736 च्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती लोकांना एकादशी धरायला बंदी केली. बुधवार, शुक्रवार, शनिवारचे उपवास मात्र चालतील, कारण ते चर्चने सांगितलेले. भात बिनमिठाचा शिजवणेही निषिद्ध ठरले, कारण हिंदू तसा शिजवत. उपाशी पोट दोन्हीकडे सारखेच. फरक होता तो पंचांग कुणाचे याचा. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीत, संत नामदेवांच्या जन्मगावी, आषाढ वद्य एकादशीला परतवारीची, म्हणजे पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची, गर्दी लोटते. त्या फर्मानाच्या हद्दीत बाटलेल्या माणसाने त्या एकादशीचा उपवास केला असता, तर तो गुन्हा ठरला असता.

यावर कुणी म्हणेल, प्रायश्चित्त हा दयेचाच मार्ग होता. जाळण्यापेक्षा उपवास बरा. हे खरे आहे. पण प्रायश्चित्ताच्या अटींचे पत्र पोन्सला दर महिन्याला पाद्र्याला दाखवावे लागे, आणि अटी मोडल्या तर तो पुन्हा पाखंडीच. जी दया दरमहा हजेरी मागते, ती पाळतही ठेवते. दुसरा आक्षेप असा की आपणही काही निराळे नव्हतो. हेही मान्य करायला हवे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उठले आणि 1892 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. कृच्छ्र, चांद्रायण ही आपली प्रायश्चित्तेही घासांच्या हिशेबावरच उभी आहेत. मात्र या आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट तो पक्का होतो. मनातली श्रद्धा कोणत्याच धर्मपीठाला दिसत नाही, तोंडात जाणारा घास दिसतो. म्हणून सत्तेने श्रद्धेचा न्याय घासावर केला. आजही कुणाच्या डब्यावरून त्याचा धर्म तोलला जातो, तेव्हा तेच जुने न्यायासन चालू असते.