बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे 13 लाख माणसे सैन्यात आणि सैन्याच्या चाकरीत गेली; त्यांतली 74,000 च्या आसपास दगावली. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले’ यापलीकडे सातारा-रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत आज काही सांगता येत नाही. कागद जपण्याची आपल्याला सवयच नाही, असे याचे कारण सहज दिले जाते. मला ते पटत नाही. घराने विसरण्याआधी सरकारने या माणसांची नावे दगडावर न कोरण्याचे ठरवले होते आणि घरची आठवण पुसट होण्यात त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

बसऱ्याचे स्मारक 1929 मध्ये उभे राहिले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 40,500 हून अधिक मृतांसाठी ते आहे. त्यावर ब्रिटिशांची नावे आहेत, हिंदी सुभेदार-जमादारांचीही आहेत. पण हिंदी हवालदार, नाईक आणि शिपाई यांची पलटणवार फक्त संख्या कोरली आहे. आता फ्रान्समधले नव्ह शापेलचे स्मारक पाहा. ते 1927 चे, म्हणजे दोनच वर्षे आधीचे. तिथे 4,700 हून अधिक हिंदी मृतांची नावे आहेत आणि साध्या शिपायाचेही आहे. सैन्य तेच, युद्ध तेच, स्मारके उभारणारा आयोगही तोच. युरोपच्या नजरेसमोर मेलेल्याला नाव मिळाले, वाळवंटात मेलेल्याला आकडा. नावे मिळवणे अशक्य होते ही सबब या तुलनेपुढे टिकत नाही. युद्धस्मारक आयोगाने नेमलेल्या समितीनेच 2021 च्या अहवालात मान्य केले की, 45,000 ते 54,000 मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान 1,16,000 जणांचे नावानिशी झालेच नाही, किंवा मुळीच झाले नाही. त्यांत आफ्रिका आणि मध्यपूर्वेत मेलेल्यांचा भरणा मोठा आहे.

यावर एक आक्षेप विचार करण्यासारखा आहे. आपल्या गावोगावच्या वीरगळांवरही बहुधा नाव नसते. खालच्या चौकटीत झुंज, मधे अप्सरांसोबत स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. तो वीर कोण हे दगड क्वचितच सांगतो. मग नावाचा हट्ट हा परका आग्रह नव्हे काय? आफ्रिकेतल्या वसाहतींत गोऱ्या अधिकाऱ्यांनी असाच युक्तिवाद केला होता: या लोकांना नाव कोरलेल्या दगडाचे महत्त्व कळणार नाही. पण वीरगळ उभा असतो तो त्या वीराच्याच गावात, बहुधा देवळाजवळ किंवा शिवेवर. त्याच्यापुढून रोज जाणाऱ्यांना तो कोणाचा हे ठाऊक असे. नाव लोकांच्या तोंडी होते म्हणून दगडावर लागत नव्हते. बसऱ्याच्या दगडापुढून त्या शिपायाचे कोणीच जात नव्हते. 29 एप्रिल 1916 ला मेसोपोटेमियातले कुत-अल-अमारा पडले, तेव्हा 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणींतले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. पुढच्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले किती तरी मेले. जिथे अंत्यविधी नाही, समाधी नाही आणि परत जाऊन पाहण्याची सोयही नाही, तिथे नावाखेरीज घराच्या हाती दुसरे काय राहणार होते?

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे: ते साम्राज्यासाठी, पगारासाठी लढले, त्यांचे स्मरण आपण का करावे? शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. कोरडवाहू जमिनीच्या घराला ती रक्कम खुणावणारच. आणि 1918 मध्ये खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी हिंडत होते. त्या काळातला प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. शिवाय ज्या साम्राज्याचा आपल्याला राग आहे, त्यानेच या माणसांना आकड्यात बसवले. तो हिशेब तसाच ठेवणे हा साम्राज्याचा निषेध कसा ठरेल? 1917 मध्ये उभारलेली 111 महार ही पलटण तर युद्धानंतर काही वर्षांतच मोडली गेली. पलटणच न उरल्याने तिची आठवण जपण्याचे ओझे घरांवर आणखी जड पडले.

दुसऱ्या महायुद्धाने माझे म्हणणे उलट बाजूने सिद्ध होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर सापडलेली नाही. पण कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि पदक न मिळालेल्या शिपायांचीही नावे तिथे आहेत. या युद्धातल्या मृतांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे, पत्नीचे आणि गावाचेही नाव सापडते. एवढ्या धाग्यावरून तिसऱ्या पिढीतला नातू पलटण, तारीख आणि ठिकाण यांपर्यंत पोचू शकतो. आपल्याकडे मात्र चर्चा पदकवाल्यांपाशी थांबते. त्यांचा गौरव योग्यच आहे; पण संशोधनाची खरी गरज आहे ती पदक नसलेल्या, आकड्यात गेलेल्या शिपायाला.

लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सुमारे 3,20,000 सैनिकांच्या गाववार नोंदवह्या होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींच्या एका संस्थेने त्या संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले आणि पणतू आता त्यांत आपले गाव शोधतात. महाराष्ट्रात असे काम तालुक्यापासून सुरू करता येईल: पेन्शनचे कागद, पलटणीचे दाखले, पदकाच्या कडेवर कोरलेला शिपायाचा क्रमांक आणि गावातला जुना स्मारकदगड एकमेकांशी ताडून पाहायचे. पदके मोडीत जाण्याआधी त्या कडेवरचा क्रमांक तरी उतरवून घेतला पाहिजे.