नाळेतला प्रवाह मोजताना

गर्भवतीच्या डॉपलर सोनोग्राफीच्या अहवालात ‘पीआय’, ‘आरआय’, ‘एस/डी’ असे आकडे असतात. नाळेतून किती रक्त वाहतं हे त्यातून कळत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात यातला एकही आकडा मिलिलिटरमध्ये नसतो, आणि त्याला कारण आहे.

नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. एक नीला वारेकडून प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे आणते आणि दोन रोहिण्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. निरोगी गर्भात नीलेतून बाळाच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे मिलिलिटर रक्त येतं.

हे मोजायचं तर नीलेचा व्यास आणि रक्ताचा वेग, दोन्ही लागतात. अडचण व्यासाची आहे, कारण हिशेबात त्याचा वर्ग करावा लागतो. ६ मिलिमीटरची नीला पडद्यावर साडेसहाची मोजली गेली, तर उत्तर १७ टक्क्यांनी फुगतं. वेग काढताना ध्वनिलहरी रक्तवाहिनीला कोणत्या कोनात छेदतात तेही पाहावं लागतं. त्यात बाळ हलतं आणि नाळही वळते.

यातून वाट निघाली ती रोहिणीकडून. १९७७ मध्ये डब्लिनच्या फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी नाळेतल्या रक्तप्रवाहाचे डॉपलर संकेत मिळवल्याचं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. रोहिणीतला वेग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चढतो आणि उतरतो. चढाचा वेग आणि ठोक्याच्या अखेरचा वेग यांचं गुणोत्तर म्हणजे ‘एस/डी’. गुणोत्तर काढलं की कोनाची चूक दोन्हीकडून कटते आणि व्यास तर लागतच नाही. किती रक्त गेलं ते यातून कळत नाही. वारेत त्याला किती अडथळा होतो, त्याचा अंदाज मात्र येतो.

वार वाढते तसं तिच्यातलं रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं आणि अडथळा घटतो. म्हणून विसाव्या आठवड्यात चारच्या आसपास असणारं हे गुणोत्तर तिसाव्या आठवड्यात तीनपर्यंत येतं आणि दिवस भरताना आणखी उतरतं. वारेपेक्षा बाळाकडच्या टोकाला ते जास्त भरतं, त्यामुळे नाळेच्या मोकळ्या भागात, बाळ शांत असताना मोजतात.

पण कोणत्या आठवड्यात किती म्हणजे ठीक? हे ठरवायला निरोगी गर्भारपणच मोजावं लागतं. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या संशोधकांनी कमी जोखमीच्या १३० गर्भवतींची दुसऱ्या निम्म्या काळात पुन्हा पुन्हा मोजणी करून आठवडावार तक्ते २००५ मध्ये प्रसिद्ध केले.

मग प्रत्येक गर्भवतीचं डॉपलर करावं का? जोखमीच्या गर्भारपणात डॉपलर वापरल्याने प्रसूतीच्या आगेमागे होणारे बाळांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाल्याचं ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात दिसतं. कमी जोखमीच्या १४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्यांत मात्र सरसकट तपासणीचा असा फायदा आढळला नाही. तेव्हा सारं सुरळीत असताना डॉक्टरांनी डॉपलर सांगितलं नाही, तर तो हलगर्जीपणा नव्हे. रक्तदाब चढला किंवा बाळाची वाढ मंदावली, तर मात्र ते टाळू नये. निरोगी स्त्रियांच्या मोजणीतून झालेले तक्ते खरे तेव्हाच उपयोगी पडतात.