आधी परतीची गाडी

जपानची रेल्वे म्हटलं की मिनिटाच्या ठोक्याला सुटणारी शिंकान्सेन आठवते, आणि त्याच भरवशावर माणूस डोंगरातली सहल आखतो. घोळ तिथेच होतो. नागोयाहून किसो खोऱ्यात एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर आखणी उलटीकडून करावी.

मागोमे आणि त्सुमागो ही एदो-क्योतो रस्त्यावरची, म्हणजे नाकासेन्दोवरची, मुक्कामाची जुनी गावं. 69 ठाण्यांपैकी ही दोन. मधली आठेक किलोमीटरची वाट चालण्यासाठीच लोक येतात. परतीचं स्टेशन नागिसो. तिथे जलद गाड्या क्वचित थांबतात आणि लोकलही कधीकधी दोन तासांनी एक. वेळापत्रक दर मार्चमध्ये बदलतं, म्हणून जुन्या पुस्तकातलं धरू नये.

समजा, नागिसोची चारच्या सुमाराची लोकल ठरवली. त्सुमागोहून स्टेशन पायी तासाभरावर (बस आहे, पण मोजकी), म्हणजे तीनला निघायचं. गाव बघायला, खायला दीड तास. वाटेला तीन तास. म्हणजे मागोमेहून साडेदहाला पाय उचलायला हवा. त्याआधी नाकात्सुगावाहून अर्ध्या तासाची बस, त्याआधी नागोयाहून 'शिनानो' या जलद गाडीची पन्नासेक मिनिटं. उत्तर आलं : सकाळी नऊच्या आसपास नागोया.

शिनानोचे डबे वळणावर आत कलतात. गाडी लागत असेल तर आलेपाकाची वडी जवळ ठेवा.

तिकिटाचं गणित नवख्याला चकवतं. जलद गाडीला दोन भाडी : एक अंतराचं, दुसरं जलद गाडीत बसण्याचं. हातात बहुधा दोन चिठोऱ्या येतात. त्या एकावर एक ठेवून फाटकाच्या फटीत सारायच्या आणि पलीकडे बाहेर आल्या की उचलायच्या. लोकलला पहिलीच पुरते. देशभराचा रेल्वे पास एवढ्यासाठी घेऊ नये. 2023च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास 29,650 येनवरून 50,000वर गेला.

चालायचं मागोमेहूनच. ते सुमारे 600 मीटरवर, मधली खिंड 800वर, त्सुमागो 420वर. चढ थोडा, उतार जास्त. उलट्या दिशेने गेलात तर दम निघेल. बॅगेचं ओझं नको असेल, तर चालण्याच्या हंगामात एका गावच्या माहिती केंद्रात सकाळी द्यायची, दुपारी दुसऱ्या गावच्या केंद्रातून घ्यायची.

वाटेत खांबांना घंटा टांगलेल्या दिसतात. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून त्या आहेत. लाजू नका, जोरात वाजवा. खिंड उतरल्यावर एका जुन्या चहाघरात स्वयंसेवक फुकट चहा देतात. तिथे बसाल तेवढा वेळ त्या दीड तासातून वजा करा.