बसते, पण चालते का?

सुटे भाग आणून संगणक स्वतः जुळवावा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. त्यासाठी आधी मदरबोर्ड समजून घ्यावा लागतो, कारण बाकीचे सारे भाग त्यालाच जोडायचे असतात. पण एखादा भाग त्याच्यावरील खोबणीत नीट बसला, म्हणजे तो चालेलच का?

पुष्कळदा चुकीचा भाग मुळी बसतच नाही. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या १,३३१ पिनांसाठी छिद्रे असतात, तर २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये १,७१८ संपर्कबिंदू आहेत. साहजिकच एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. आता रॅम पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात. परंतु पहिलीच्या चिपा १.२ व्होल्टवर चालतात, दुसरीच्या १.१ व्होल्टवर. घोटाळा होऊ नये म्हणून पट्टीच्या कडेची खाच वेगळ्या जागी ठेवलेली असते. खाच जुळत नसेल, तर जोर लावू नका!

खरी फसगत होते ती एम.२ या खोबणीत. तिच्यात माहिती साठवणारी एसएसडी बसते. बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब. दिसायला सारख्या असल्या, तरी काही एसएसडी सॅटा पद्धतीने बोलतात, काही पीसीआय एक्सप्रेस पद्धतीने. समजा, दूरध्वनी जोडला गेला. पण एकाला फक्त मराठी येते आणि दुसऱ्याला फक्त तमिळ. संभाषण कसे होणार? तसेच येथे घडते. खोबण फक्त पीसीआय एक्सप्रेसची असेल, तर सॅटा एसएसडी तिच्यात बसेल, स्क्रूही लागेल. पण संगणकाला ती दिसणारच नाही. पैसे मात्र खर्च झालेले असतील.

वेगाचाही प्रश्न आहे. सॅटातून सेकंदाला फार तर ६०० मेगाबाइट माहिती जाते. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत एकेका मार्गिकेतून सुमारे १ गिगाबाइट, म्हणजे चार मार्गिकांतून जवळजवळ ४ गिगाबाइट जाते. मात्र खोबणीच्या लांबीवर विसंबू नका. सोळा मार्गिकांएवढ्या लांब खोबणीत कधी कधी चारच मार्गिका जोडलेल्या असतात. काही मदरबोर्डांवर तर एम.२ खोबण वापरली की सॅटाची एखादी जोडणी बंद होते.

म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारा : भाग बसतो का? दोघांची बोली एकच आहे का? मार्गिका किती? उत्तरे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती आधी वाचा, मगच दुकानात जा.