पाण्याशिवाय घडणारी ताकद

लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेव्हा तापलेल्या पात्यातल्या कार्बनला बाहेर सरकायला उसंतच मिळत नाही. निवताना लोखंडाच्या अणूंची मांडणी क्षणात बदलते, अडकलेला कार्बन तिला ताणून धरतो आणि पाते कडक होते. या मांडणीला जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून मार्टेन्साइट म्हणतात. कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असला की रॉकवेल सी मापावर कडकपणा ६० ओलांडतो. पण असे पाते ठिसूळ असते. पाणी देताना फुगून कधी तडकतेही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडा कडकपणा सोडून द्यावा लागतो.

मार्टेन्साइट म्हटले की कडकपणा, हा समज मॅरेजिंग पोलादाने मोडला. त्याची कुळी १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत इन्को कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली. यात कार्बन जवळजवळ नकोच, ०.०३ टक्क्यांहूनही कमी. त्याऐवजी १८ टक्के निकेल, सुमारे ८ टक्के कोबाल्ट, ५ टक्के मॉलिब्डेनम आणि चिमूटभर टायटॅनियम. ८२० अंश सेल्सिअसला तापवून नुसते हवेत निवू दिले तरी मार्टेन्साइट तयार होते, तेही मऊ: रॉकवेल ३० च्या आसपास. याच अवस्थेत ते लेथवर कातायचे, वळवायचे, वेल्डिंग करायचे. मग ४८० अंशांवर काही तास ठेवले की निकेल हे मॉलिब्डेनम आणि टायटॅनियमशी जुळून अतिसूक्ष्म कण बनवते. कण वाट अडवतात, अणूंचे थर घसरेनासे होतात आणि कडकपणा ५० वर जातो. आकार मात्र फारसा हलत नाही. माझ्या मते खरी करामत हीच आहे: काम आधी, ताकद नंतर.

पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे मोटर केसिंग याच पोलादाच्या एम-२५० प्रकारातून बनते. २५० म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे अडीच लाख पौंडांची ताकद. अशी केसिंग घडवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रे बांधणाऱ्या कामगारांच्या गावाने रॉकेटचे काम पेलले, याचे मला फार अप्रूप वाटते.

कोबाल्ट-निकेलमुळे हे पोलाद महाग पडते आणि इतके निकेल असूनही ते गंजते. भट्टीवरही कडक नजर ठेवावी लागते. आच कमी पडली तर कण पुरेसे तयार होत नाहीत. जास्त झाली तर ते जाडे होतात, मार्टेन्साइट पुन्हा आधीच्या मांडणीकडे फिरू लागते आणि मिळवलेली ताकद ओसरते. त्यामुळे एवढ्या मोठ्या घेराच्या केसिंगला सगळीकडून सारखीच आच मिळावी लागते.